जुन्या पुरवण्या घ्याव्या काय?

पुस्तकाची योग्यता ठरविण्याचें काम ज्यांच्याकडे येतें त्यांना एक सवय जडलेली असते. पुस्तक हातीं आलें म्हणजे तें एकांतांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावयाचें, आणि त्या वाचनांत जें कांहीं लाभलें त्यावरून त्याचें मोल सांगावयाचें. कादंबरी, काव्य, निबंध यांच्या बाबतींत ही सवय योग्यच आहे. परंतु एकांतांत वाचण्यासाठीं जीं लिहिलेलींच नसतात अशींहि पुस्तकें जगांत पुष्कळ आहेत. पाकशास्त्राचें पुस्तक, वैद्याची वही, कीर्तनकाराचें बाड हीं त्यांपैकीं होत. यांना आम्ही प्रस्तुत लेखांत 'अर्धीं पुस्तकें' असें म्हणणार आहों; कारण त्यांचा उरलेला अर्धा भाग वाचणारानें चार माणसांत बसून स्वतः पुरा करावयाचा असतो. अशा अर्ध्या पुस्तकांची, आणि त्यांतून जुन्या झालेल्या अर्ध्या पुस्तकांची, परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी हा प्रश्न गेल्या दिवाळींत आमच्यापुढें अगदीं व्यावहारिक स्वरूपांत उभा राहिला. तो सोडवितां सोडवितां आमच्या हातून पूर्वीं घडलेली एक चूक आमच्या ध्यानांत आली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें मूळ घर सोलापूर जिल्ह्यांत, करमाळें तालुक्यांतील केम या गांवीं आहे. पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें एक लहानसें स्टेशन. उत्तरेश्वराचें देऊळ आणि कुंकवाचा धंदा, या दोन गोष्टींनीं गांवाचें नांव बाहेर ठाऊक आहे. दिवाळीच्या सुट्टींत आम्ही तेथें गेलों असतां पुण्यास यंत्रशास्त्र शिकणारा आमचा पुतण्याहि आपल्या चार मित्रमैत्रिणींसह तेथें आला होता. फराळ झाला कीं हीं मुलें ओसरीवर वर्तुळ करून बसत आणि मध्यरात्रीपर्यंत एक खेळ खेळत. तिसऱ्या दिवशीं पुतण्या आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, या खेळाची एक जुनी पुरवणी अमेरिकेंतला एक विक्रेता विकतो आहे. टपालखर्च धरून बारा हजार रुपये पडतील. तुम्ही इतकीं वर्षं पुस्तकांवर लिहितां; ती घ्यावी का, तेवढं सांगा." बारा हजार रुपये ही मध्यम स्थितीच्या कुटुंबास कांहीं किरकोळ रक्कम नव्हे. पाहिल्याशिवाय मत द्यावयाचें नाहीं असा आमचा नियम असल्यामुळें आम्हीं त्याच्या संग्रहांतल्या पुरवण्या, कांहीं छापील व बऱ्याचशा संगणकाच्या पडद्यावर, आठ दिवस वाचल्या, आणि एक रात्र खेळहि पाहिला.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाचा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांतल्या लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं प्रसिद्ध केला. तीन पुस्तिका एका पेटींत घातलेल्या, किंमत दहा डॉलर, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार. खेळणारांपैकीं एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, "समोर पडका दरवाजा आहे, आंतून धूर येतो आहे". पात्रें आपण काय करणार तें सांगतात. आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसे टाकून निर्णय होतो. पट असला तरी चालतो, नसला तरी चालतो. बुद्धिबळांतल्याप्रमाणें शेवटीं कोणी जिंकत नाहीं व कोणी हरतहि नाहीं. एक कथा तेवढी घडून जाते. पुढें याच रीतीचे दुसरेहि खेळ निघाले.

मूळ नियमांखेरीज जें कांहीं छापून विकलें जातें तें सर्व 'पुरवणी' या सदरांत येतें. १९७५ व १९७६ या दोन सालांतच 'ग्रेहॉक', 'ब्लॅकमूर', 'एल्ड्रिच विझार्ड्री' आणि 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' अशा चार पुरवण्या निघाल्या. त्यानंतर सर्व प्रकाशकांच्या मिळून किती निघाल्या याची गणती करणें अवघड आहे. तेव्हां "जुन्या पुरवण्या चांगल्या कीं वाईट" असा सरसकट प्रश्न विचारणें म्हणजे "जुनीं भांडीं चांगलीं कीं वाईट" असें विचारण्यासारखें आहे. पितळेचें असेल तर कल्हई करून घ्यावें, आणि मातीचें फुटकें असेल तर टाकून द्यावें. म्हणून प्रथम जाति ओळखली पाहिजे. आमच्या वाचनांत तीन जाती दिसल्या: नियमांच्या, याद्यांच्या आणि स्थळांच्या.

पैकीं नियमांच्या पुरवण्यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. त्या आपल्या काळच्या मूळ नियमांवर बांडगुळाप्रमाणें वाढलेल्या असतात. झाड गेलें कीं त्याहि गेल्या. या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत चिलखताचा अंक जितका लहान तितकें चिलखत बळकट असें गणित होतें. २००० सालीं निघालेल्या आवृत्तीनें तें नेमकें उलटें केलें. १९८९ सालच्या 'कम्प्लीट फायटर्स हँडबुक' सारखीं पुस्तकें आपल्या काळीं योद्ध्याची भूमिका घेणारास हवींहवींशीं वाटत असतील. आज जो त्याच जुन्या आवृत्तीनें खेळतो त्यानेंच तीं घ्यावीं. कायदा बदलल्यावर मागील कायद्याची टीका वकील विकत घेत नाहीं; इतिहासकार घेतो. मात्र एक अपवाद नमूद करतों. 'ग्रेहॉक' या पुरवणीनें चोर हें पात्र या खेळांत प्रथम आणलें. ज्यास खेळाचा इतिहास अभ्यासावयाचा आहे त्यास ती हवीच. पण मग ती अभ्यासाची खरेदी झाली, खेळाची नव्हे, हें त्यानें मनाशीं स्पष्ट ठेवावें.

याद्यांच्या पुरवण्यांचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. अंतराळांतील प्रवासावर रचलेला 'ट्रॅव्हलर' हा खेळ मार्क मिलर यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केला. त्याची पहिली पुरवणी '१००१ कॅरॅक्टर्स' ही १९७८ सालची. तींत नांवाप्रमाणें एक हजार एक पात्रांचे गुणांक ओळीनें दिले आहेत: बळ इतकें, बुद्धि इतकी, अमुक विद्या अवगत. ज्या काळीं प्रत्येक पात्रासाठीं फांसे टाकून अंक मांडीत बसावें लागे त्या काळीं या यादीनें सूत्रधाराचे कित्येक तास वांचविले असतील. आज तेंच काम खिशांतला दूरध्वनि क्षणांत करतो. ही पुरवणी आतां रेडीरेकनराच्या रांगेंत जाऊन बसली आहे, आणि तिची किंमत रद्दीहून अधिक देऊं नये.

परंतु याच खेळाची तिसरी पुरवणी, १९७९ सालची 'स्पिनवर्ड मार्चेस', वरवर पाहतां तितकीच रुक्ष असूनहि आम्हांस निराळी वाटली. तिच्यांतहि अंकच आहेत. एकेका ग्रहासाठीं अक्षरांकांची एक ओळ: बंदर कसें, हवा कशी, पाणी किती, वस्ती किती, राज्यकारभार कोणत्या तऱ्हेचा. पुतण्यानें ती ओळ आम्हांस वाचावयास शिकविली तेव्हां आम्हांस एकदम जन्मपत्रिकेची आठवण झाली. पत्रिकेंतहि बारा घरें आणि कांहीं अंक यांपलीकडे काय असतें? पण जाणता जोशी त्यावरून अख्खा संसार बोलून दाखवितो. येथें कोणी विचारील, कीं मग '१००१ कॅरॅक्टर्स' नें काय पाप केलें? फरक असा कीं, त्या यादींतल्या पात्रांना शेजार नाहीं. चारशें चौथ्या पात्राचा चारशें पांचव्याशीं कांहींएक संबंध नाहीं. उलट ग्रह नकाशावर मांडलेले आहेत. पाणी नसलेल्या ग्रहाच्या बाजूस पाण्यानें भरलेला ग्रह आहे, दाट वस्तीच्या ग्रहाजवळ ओसाड ग्रह आहे. शेजार आला कीं व्यापार आला, मत्सर आला, वैर आलें. म्हणजेच कथा आली. शेजार नसलेला अंक मेलेला असतो. शेजार असलेला अंक पेरणीच्या बियाण्यासारखा असतो. याद्यांच्या पुरवण्या विकत घेतांना हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मे पैसे वांचतील असें आम्हांस वाटतें.

आतां ज्या पुस्तकासाठीं बारा हजार रुपये मागितले होते त्याकडे वळूं. १९७६ सालच्या 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणींत निरनिराळ्या राष्ट्रांच्या देवदेवतांचें वर्णन खेळाच्या परिभाषेंत केलें आहे, आणि त्यांत भारतीय देवतांचेंहि एक प्रकरण आहे. तेंच पुढें वाढवून १९८० सालीं 'डीटीज अँड डेमीगॉड्स' हें मोठें पुस्तक झालें. इंद्र, अग्नि, वरुण, यम यांच्या नांवांपुढें चिलखताचा अंक व प्राणांचा अंक लिहिलेला पाहून आमच्या घरांतील वडील मंडळींना प्रथम राग आला. आम्हांस तसा राग आला नाहीं. बळ अंकांनीं मोजणें आमच्या पुराणांस नवें नाहीं; दहा हजार हत्तींचें बळ भीमाच्या अंगीं होतें असें आम्ही लहानपणापासून ऐकतच आलों आहों. शिवाय १९७६ च्या पुस्तकाच्या प्रास्ताविकांत संपादकानें एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे: देवांचें सामर्थ्य एकदां मोजून दाखविलें म्हणजे आपल्या पात्रांना खिरापतीप्रमाणें सामर्थ्य वांटणाऱ्या सूत्रधारांना आपला वेडेपणा दिसून येईल, असा त्यांत हेतु आहे.

पुस्तकाचा खरा दोष अनादर हा नव्हे. तो कोरडेपणा हा आहे. इंद्राचें बळ किती हें कळलें. पण इंद्राला कोण भजतो, कोणत्या ऋतूंत भजतो, काय मागतो आणि न मिळाल्यास काय म्हणतो, हें कळत नाहीं. मग खेळांत त्या देवाचें करावयाचें काय? त्याच्याशीं लढावयाचें, एवढेंच उरतें. याच्या शेजारीं १९७९ सालचें स्टीव्ह पेरिन व ग्रेग स्टॅफर्ड यांचें 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' हें 'रूनक्वेस्ट' खेळाचें पुस्तक ठेवून पाहावें. त्यांतील देव सगळे कल्पित आहेत. आमच्या इंद्राइतकी कोणाचीहि परंपरा नाहीं. परंतु प्रत्येक देवाचा संप्रदाय आंतून सांगितला आहे: दीक्षा कशी मिळते, कोणते नियम पाळावे लागतात, कोणत्या संप्रदायाशीं सख्य व कोणाशीं हाडवैर. मधून मधून एका फिरत्या व्यापाऱ्याचा प्रवासवृत्तान्त घातला आहे, आणि त्यामुळें तीं दैवतें बाजारांत, वाटेवर, सरणाजवळ कशीं भेटतात तें दिसतें. म्हणजे खरे देव घेऊन लिहिलेलें पुस्तक निर्जीव, आणि खोटे देव घेऊन लिहिलेलें पुस्तक सजीव, असा हा चमत्कार आहे. चमत्कार तरी कसला? देवत्व भक्तांवांचून दिसत नाहीं, ही गोष्ट एका लेखकास उमगली, दुसऱ्यास नाहीं, इतकेंच.

मग त्या पुस्तकाला बारा हजारांची किंमत आली कोठून? १९८० च्या पहिल्या छपाईंत दोन इंग्रजी-अमेरिकन लेखकांच्या कल्पित देवतांचीं प्रकरणें होतीं. लवकरच नंतरच्या छपाईंतून तीं गाळलीं गेलीं. त्यामुळें न गाळलेली प्रत दुर्मिळ झाली, आणि दुर्मिळतेमुळें महाग झाली. म्हणजे किंमत जी आहे ती वगळलेल्या पानांची. आणि तीं पानेंहि वर सांगितलेल्या कोरड्या पद्धतीचींच. टपालाच्या तिकिटावर चुकीची छपाई झाली म्हणजे तें महाग होतें, पण त्यानें पत्र अधिक लवकर पोंचत नाहीं. आमचें मत आम्हीं पुतण्यास तेथेंच सांगून टाकलें.

परंतु जुन्या पुरवण्यांचें खरें मर्म आम्हांस वाचनांत कळलें नाहीं. तें ओसरीवर कळलें. त्या रात्रीं मुलें खेळत होतीं ती पुरवणी म्हणजे गायगॅक्स यांची 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. ही १९८० च्या सुमारास नवशिक्यांच्या पेटींतून दिली जात असल्यामुळें तिच्या प्रती पुष्कळ निघाल्या, आणि म्हणून ती दुर्मिळ नाहीं. दुपारीं आम्हीं ती वाचली होती आणि आमचें मत प्रतिकूल झालें होतें. सरहद्दीवर एक किल्ला, जवळच्या दरींत गुहा, गुहांत राक्षस. किल्ल्यांतील माणसांना साधीं नांवेंहि दिलेलीं नाहींत. किल्लेदार, सराफ, सावकार, लोहार, खानावळवाला, एवढेंच. एक गुहा तर लेखकानें मुद्दाम सूत्रधारावर सोंपविली आहे; ती त्यानें आपली आपण रचावी. कादंबरी म्हणून पाहतां हें दारिद्र्यच म्हणावें लागेल, आणि आम्हीं मनांत तसें म्हटलेंहि होतें.

रात्रीं त्याच दारिद्र्याचें रूप पालटलें. पुतण्यानें किल्ला उचलून करमाळ्यास आणला. रावरंभा निंबाळकरांचा भुईकोट त्या मुलांनीं पाहिलेला होता. त्याचे बुरूज व तट त्यांच्या डोळ्यांपुढें होते. निनांवी किल्लेदाराला नांव मिळालें, सावकाराला तिरकी पगडी मिळाली, आणि किल्ल्यांत उतरलेला जो गोडबोल्या पुरोहित मूळ पुस्तकांत आंतून दुष्ट आहे तो येथें एक बैरागी होऊन आला. लेखकानें नांवें दिलीं असतीं तर तीं परदेशी नांवें मुलांच्या तोंडांत घासाबरोबर आलेल्या खड्यासारखीं खटकलीं असतीं. दिलीं नाहींत, म्हणून केमच्या ओसरीला जागा मिळाली. त्याच सुमाराच्या माइक कार यांच्या 'इन सर्च ऑफ द अननोन' या पुरवणींत तर खोल्यांचें वर्णन करून खालीं 'राक्षस' व 'द्रव्य' यांपुढें कोऱ्या ओळी सोडलेल्या आहेत. आम्हांस दुपारीं जो आळस वाटला ती रात्रीं पाहुण्यासाठीं मोकळी ठेवलेली जागा ठरली.

एवढेंच असतें तर आम्ही त्या पुरवणीची स्तुति करून थांबलों असतों. पण मध्यरात्रीच्या सुमारास एक प्रसंग घडला. पात्रांनीं गुहेंतील लढाऊ राक्षस मारले, आणि आंतल्या दालनांत त्यांच्या बायका व पोरें सांपडलीं. मूळ पुस्तकांत त्यांचीहि नोंद आहे. त्यांची संख्या दिली आहे, प्राणांचे अंक दिले आहेत. पुढें काय करावें हें मात्र दिलेलें नाहीं. योद्ध्याची भूमिका घेतलेली मुलगी फांसा हातांत घेऊन थांबली आणि म्हणाली, "पण या पोरांचं काय करायचं?" कोणी कांहीं बोलेना. मग वाद सुरू झाला. एक म्हणाला, सोडून दिलीं तर मोठीं होऊन परत येतील. दुसरा म्हणाला, आपण त्यांच्या घरांत शिरलों, तीं आपल्या घरांत शिरलीं नव्हतीं. तासभर कोणी फांसा टाकला नाहीं. शेवटीं त्यांनीं त्या बायकापोरांस नदीपलीकडे पोंचतें केलें, आणि किल्लेदाराला खोटें सांगावयाचें ठरविलें. मूळ लेखकास हा प्रश्न सुचला होता असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें तो मोजदादीच्या भरांत नकळत मांडून ठेवला असावा. जुन्या पुस्तकाचा हा नैतिक उणेपणा आहे, आणि तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु त्या उणेपणांतून त्या रात्रीं जो विचार निघाला, तो नीतीचे पाठ लावून शिकविणाऱ्या आमच्या वर्गांत क्वचितच निघतो, हेंहि कबूल केलें पाहिजे.

असल्या अपुऱ्या पुस्तकांची परंपरा आमच्याकडे नाहीं असें कोणी समजूं नये. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तेव्हां पदें सूत्रधार म्हणत असे, आणि पात्रें आपलीं भाषणें प्रसंग पाहून स्वतः बोलत. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ सालीं छापून निघाला. त्यांत पदें आहेत, पण तीं भाषणें कोठून असणार? तमाशांतील वगाचीहि जुनी रीत तीच: कथेचा सांगाडा ठरलेला, आणि बतावणी सोंगाड्याच्या जिभेवर. कोंकणांतला दशावतार अद्यापि आख्यान ठरवून घेऊन रंगावर उभा राहतो व संवाद तेथेंच रचतो. १८६१ सालच्या वि. ज. कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' पासून संपूर्ण लिहिलेलें नाटक आमच्याकडे रुळूं लागलें, आणि आमच्यासारख्या शिकलेल्या टीकाकारांनीं पूर्ण ग्रंथ तेवढाच ग्रंथ असें ठरवून टाकलें. भाव्यांचा संग्रह वाचून तो नीरस आहे असा शेरा विद्यार्थ्यांपुढें आम्हींहि वर्षानुवर्षें दिला. अर्ध्या पुस्तकाला पूर्ण पुस्तकाचा गज लावण्याचा तो प्रकार होता.

शेरा देऊन आम्ही थांबलों असतों तरी बरें होतें. आमचे एक चुलते केमला व आसपासच्या खेड्यांत कीर्तन करीत. त्यांच्या मागें त्यांचें एक जाड बाड घरांत होतें. पंचवीस वर्षांपूर्वीं घराची आवराआवर करतांना आम्हींच तें चाळून पाहिलें. पदांचीं नुसतीं पहिलीं चरणें; आख्यानांतला एकेक प्रसंग दोन ओळींत; समासांत पेन्सिलीनें लिहिलेलें "येथें थांबावें", "श्रोते पाहून दृष्टान्त", "बायका असतील तर हें लांबवावें". आम्हांस त्यांत वाङ्मय असें कांहीं दिसलें नाहीं, आणि रद्दीच्या ढिगांत तें बाड आमच्याच हातानें गेलें. ओसरीवर पुतण्या आपल्या पुरवणीच्या समासांत "सावकार चिडला तर व्याज दुप्पट" असें लिहितांना पाहिला, तेव्हां तें बाड आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. चुलत्यांचें कीर्तन आम्हीं लहानपणीं ऐकलें होतें. त्याचा उरलेला अर्धा भाग आमच्या कानांत होता. तरीहि आम्हांस तें वाचतां आलें नाहीं, याची लाज वाटते.

तथापि या अनुतापाच्या भरांत उलट टोंकास जाणेंहि बरें नव्हे. जुनें तें सोनें म्हणणारे, आणि जुन्यांत मोकळीक होती, नव्यांत नाहीं, असें म्हणणारे या खेळांतहि पुष्कळ आहेत. प्रत्येक कोरी जागा म्हणजे आमंत्रण नव्हे. कांहीं ठिकाणीं लेखकास कांहीं सुचलेंच नाहीं म्हणून ती कोरी असते. किल्ल्याच्या पुरवणींत किल्ला, रस्ता, दरी, गुहा व त्यांतील टोळ्यांचीं वैरें पक्कीं दिलीं आहेत, म्हणून नांवांची जागा कोरी शोभते. हळकुंडाला लिंबाचा रस व टाकणखार यांची जोड मिळाली म्हणजे त्याचें कुंकू होतें, हें केमच्या माणसास सांगावयास नको; पण मुळांत हळकुंड तरी असावें लागतें. दुसरें असें कीं, भरगच्च पुरवण्याहि उत्तम असूं शकतात. 'कॉल ऑफ कथुलू' या खेळासाठीं लॅरी डिटिलिओ यांनीं लिहिलेली 'मास्क्स ऑफ न्यारलाथोटेप' ही १९८४ सालची पुरवणी १९२५ सालांतील न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय अशी वाचकास हिंडविते; पत्रें व वर्तमानपत्रांतील कात्रणेंहि तयार करून देते. परंतु तिची २०१८ सालीं सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली आहे. तेव्हां खेळणारानें तीच घ्यावी, जुन्या प्रतीसाठीं जीव टाकूं नये.

खरेदीसंबंधीं चार व्यावहारिक गोष्टी सांगितल्या पाहिजेत. वर सांगितलेल्या किल्ल्यासारख्या पातळ पुरवण्यांचें वेष्टण सुटें असे, आणि नकाशा त्याच्या आंतल्या बाजूस निळ्या शाईनें छापलेला असे. वेष्टण हरवलें कीं नकाशाहि गेला. म्हणून विक्रेत्यास प्रथम वेष्टणाविषयीं विचारावें. १९८५ सालच्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पुस्तकाची बांधणी इतकी कच्ची कीं पानें गळण्याबद्दलच तें प्रसिद्ध आहे. ज्यास केवळ मजकूर हवा त्यानें संगणकावरील प्रत घ्यावी; मूळ खेळाच्या प्रकाशकानें २००९ सालीं अशा प्रतींची विक्री थांबविली होती, ती २०१३ सालीं पुन्हां सुरू झाली, आणि छापील प्रतीच्या मानानें त्या पुष्कळ स्वस्त पडतात. चौथी गोष्ट संग्राहकांच्या मताविरुद्ध आहे, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों.

संग्राहक निष्कलंक प्रतीस अधिक पैसे देतो. पेन्सिलीची एक रेघ दिसली कीं भाव उतरतो. पुतण्याजवळ 'इन सर्च ऑफ द अननोन' ची जी छापील प्रत आहे ती याच कारणानें त्यास स्वस्तांत मिळाली. तिच्या कोऱ्या ओळी कोण्या अनोळखी अमेरिकन मुलानें वेड्यावांकड्या अक्षरांत भरून टाकल्या आहेत. एका खोलींत त्यानें राक्षस लिहून खोडला आहे आणि तेथें एक कुत्रा घातला आहे. पुढच्या तीन खोल्यांत तो कुत्रा पात्रांबरोबर चालतो आहे असें दिसतें. तो मुलगा आतां साठीच्या घरांत असेल. त्याच्या ओसरीवरची ती संध्याकाळ छापील पानांत नव्हती. ती पेन्सिलीच्या खुणांत राहिली आहे. पूर्ण पुस्तकाला अशा खुणा डाग होत. अर्ध्या पुस्तकाचा मात्र तो दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो नव्या आवृत्तींत वा संगणकाच्या प्रतींत कोणत्याहि किंमतीला मिळत नाहीं.

म्हणून आमचा सल्ला असा: नियमांची जुनी पुरवणी घेऊं नये, यादीची घेण्यापूर्वीं तींत शेजार आहे काय तें पाहावें, देवांची घेण्यापूर्वीं तींत भक्त आहेत काय तें पाहावें, स्थळाची घ्यावी, आणि ती शक्य तर कोणी तरी वापरलेली, समासांत लिहिलेली, कोपरे दुमडलेली घ्यावी. बारा हजारांची प्रत घेतली नाहीं. 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' ची संगणकावरील प्रत तेवढी घेतली, आणि किल्ल्याची पुरवणी पुतण्यानें छापून बांधून आणली आहे. तिच्या समासांत केमचीं व करमाळ्याचीं नांवें पेन्सिलीनें भरलीं जात आहेत. तें पुस्तक आवराआवरींत पुन्हां कोणाच्या हातीं आलें, तर त्यानें तें टाकण्यापूर्वीं चार माणसांना बोलावून एकदां मोठ्यानें वाचून पाहावें, इतकीच आमची विनंती आहे.